पाणचक्कीपाशी बसलेली म्हातारी

इथले अनुभव मी बरीच वर्षं गुपचूप वाचतोय. खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसूच येतं. उलटे पाय, पांढरी साडी, घाटात लिफ्ट मागणारी बाई... माझा या कशावर कधी विश्वास नव्हता. मी कॉम्प्युटरवाला माणूस. एखादी गोष्ट घडली तर तिची नोंद कुठल्यातरी फाईलमध्ये असते, नसेल तर ती घडली नाही, इतकी माझी साधी समजूत. पंचाईत अशी, की माझ्या बाबतीत जे झालं त्याची नोंद आहे. फाईल आजही माझ्याकडे आहे. आणि तरी ते घडणं शक्य नव्हतं.

आधीच सांगून ठेवतो - यात भूत दिसत नाही, कोणी किंचाळत नाही. भर दुपारची गोष्ट आहे आणि मी तर त्या वेळी घरीसुद्धा नव्हतो. ज्यांना थरार हवाय त्यांनी सरळ दुसरा अनुभव उघडावा.

आम्ही नाशिकला मखमलाबाद नाक्याजवळ राहायचो. दुसरा मजला, दोन खोल्या, मागे कपडे वाळत घालायची गॅलरी. घरात चौघं. अण्णा म्हणजे माझे वडील, आई, मोठा भाऊ दिनेश आणि मी नितीन. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. डिप्लोमा अर्धवट सोडला होता, पण कॉम्प्युटर उघडून जोडायचा हात असा, की लोक लांबून बोलावणं पाठवायचे. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला त्याने कुणी टाकून दिलेले पार्ट गोळा करून घरी एक कॉम्प्युटर उभा केला. कॅबिनेटची एक बाजू कायम उघडी. आईने जुन्या लुगड्याचं कव्हर शिवून त्यावर घातलं, कारण तिच्या मते उघडं पोट बरं दिसत नाही.

दादामुळे मला आरपीजीचा नाद लागला. आरपीजी म्हणजे रोल प्लेइंग गेम. तुम्ही एक माणूस घेता, त्याला नाव देता, गावोगाव फिरवता, लोकांशी बोलता, त्यांची कामं करता. कुणाची हरवलेली शेळी शोध, कुणाचं पत्र पोचव. कॉलेज रोडच्या गेमिंग पार्लरमधली पोरं आम्हाला हसायची. त्यांचं आपलं दणादण गोळ्या घालणं. एकाने तर मला तोंडावर विचारलं होतं, "गेममध्ये पण पोस्टमनगिरीच करायची का रे?" मी त्याला काही उत्तर दिलं नाही, पण उत्तर होतं. गोळ्यांच्या गेममधली माणसं मरायलाच ठेवलेली असतात. आरपीजीमधली माणसं तुमची वाट बघायला ठेवलेली असतात. तुम्ही महिनाभर गेम लावला नाही तरी लोहार भट्टीपाशी असतो, म्हातारा बाकावर असतो. कोणी म्हातारं होत नाही, कोणी न सांगता निघून जात नाही.

दादा गेला तो दोन हजार एकच्या उन्हाळ्यात. अण्णांशी आदल्या दिवशी जोरदार वाजलं होतं - तेच, डिप्लोमा, नोकरी, "लोकांची मुलं बघ." सकाळी तो मला म्हणाला, लासलगावला एका आडत्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर बसवायचाय. आई तेव्हा अंघोळीला गेली होती. ती बाहेर आली तोवर हा जिना उतरून गेलेला.

आई चांदवडकडची. तिच्याकडे घरातून निघताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं, आणि लांब जायचं असेल तर हातावर दही-साखर घ्यायची. तेवढंही न करता दादा गेला आणि आलाच नाही. महिनाभराने इंदूरहून एक फोन आला - मी बरा आहे, काळजी करू नका. पुढे तोही बंद झाला. आई एकच वाक्य बोलायची. रडून नाही, साध्या आवाजात.

"सांगून पण नाय गेला."

अण्णा दोन हजार तीनमध्ये गेले. झोपेतच. दादाचा पत्ता आमच्याकडे नव्हता, त्यामुळे कळवणार कुठे? आई दहाव्यापर्यंत जिन्याकडे बघत होती. तेराव्यानंतर बघायची थांबली, पण रोज विरजण मात्र लावत राहिली. आम्ही दोघंच घरात आणि दह्याचं भांडं चौघांचं.

मी तोवर अंबडच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये लागलो होतो. दोन हजार चारची दिवाळी होऊन गेली आणि एका रविवारी फोन वाजला. आई खाली भाजी आणायला गेली होती.

"दिनेश आपके कौन लगते हैं?"

राकेश नावाचा माणूस होता, इंदूरमधला दादाचा रूम पार्टनर. खोली बदलताना दादाच्या वहीत आमचा नंबर सापडला म्हणाला. दादाला जाऊन आठ महिने झाले होते. बाईकवरून पडला, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. घरचं कोणी सापडेना म्हणून या पोरांनीच सगळं उरकलं. राकेश "माफ करना भैया" असं पुनःपुन्हा म्हणत होता. मी त्याला म्हटलं, ठीक आहे. अगदी असंच म्हटलं - ठीक आहे.

मला काही वाटलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण लोक विचारतात तेव्हा मी खोटं सांगत आलोय की मी खूप रडलो. नाही रडलो. भूल दिलेल्या दाढेवर जीभ फिरवावी तसं होतं. तिथे काहीतरी आहे हे कळतं, पण ते आपलं वाटत नाही.

इंटरव्ह्यू आहे असं सांगून मी इंदूरला गेलो. आईने हातावर दही ठेवलं. दिवसाची बस, चांदवड, मालेगाव, धुळे, सेंधवा. कांद्याचे ट्रक पुढे-मागे. राकेशने मृत्यूच्या दाखल्याचा कागद दाखवला, एक बॅग दिली. बॅगेत दादाचं घड्याळ, दोन शर्ट आणि एक सीडी. सीडीवर दादाच्या अक्षरात गेमचं नाव. मी राकेशकडे चहा प्यायलो, बिस्किटंही खाल्ली.

परत आलो तेव्हा ठरवलं नव्हतं की आईला सांगायचं नाही. फक्त त्या दिवशी नको, एवढंच ठरवलं. तिचा नवरा जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं... आता हे? आमच्याकडे रीत अशी, की घरातलं कोणी गेल्याची बातमी कितीही उशिरा कानावर आली तरी कळल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करायची. फोन आला त्या दिवशी ती राहूनच गेली होती, आणि आता मी संध्याकाळी घरी पोचलो होतो. त्या वेळी डोक्यावरून पाणी घेतलं असतं तर आईने ओले केस बघून एका क्षणात ओळखलं असतं. म्हणून मी नुसते हातपाय धुतले आणि जेवायला बसलो.

"काय म्हणले?" तिने विचारलं.

"कळवतो म्हणाले."

उद्या सांगू, परवा सांगू असं करता करता महिना गेला. मग सांगायचं म्हणजे महिनाभर का लपवलंस याचंही उत्तर द्यायला लागणार. असं ते वाढतच गेलं.

घड्याळ आणि शर्ट मी कपाटात वरच्या कप्प्यात, माझ्या कॉलेजच्या पुस्तकांमागे ठेवले. सीडी कुठे ठेवणार? आईला इंग्रजी येत नव्हतं, पण मुलाचं अक्षर तिला कुठूनही ओळखू आलं असतं. मी ती ड्राइव्हमध्ये घातली आणि तिथेच राहू दिली. आता आत आहेच तर चालवून बघू म्हणून गेम टाकला.

गेमचं नाव देत नाही, नाहीतर खाली सगळी चर्चा त्याच्यावरच होईल. फार गाजलेला नव्हताच. बर्फाळ प्रदेश, डोंगरात एक खेडं, खेड्यात ओढ्यावर पाणचक्की. त्या पाणचक्कीपाशी एक म्हातारी बसलेली.

संध्याकाळी कामावरून आलो की मी कॉम्प्युटर लावायचो. आई मागे पलंगावर मेथी नाहीतर शेंगा घेऊन बसायची. अण्णा गेल्यापासून टीव्ही लावायची तिची इच्छा गेली होती, पण माझ्या पडद्याकडे बघायची. आता लोक दुसऱ्याचा खेळ तासन्‌तास ऑनलाईन बघत बसतात आणि त्याला कल्चर म्हणतात. आमची आई हे दोन हजार पाचमध्ये करत होती, वर सूचनाही द्यायची. "त्या लोहाराकडं परत कशाला? आत्ताच गेलता ना?" मी उंदीर मारून लेव्हल वाढवत बसलो की म्हणायची, "लय झाले उंदीर. आता मोठं काम कर." मोठ्या राक्षसाशी गाठ असली की उठून खरोखर माझ्या हातावर दही ठेवायची. माऊस चिकट व्हायचा.

म्हातारीशी पहिल्यांदा बोललो तेव्हा आईने विचारलं, "काय म्हणती ती?"

खाली इंग्रजीत एक ओळ आली होती. मी सांगून टाकली. "म्हणते, माझा मुलगा उत्तरेकडे गेलाय. भेटला तर सांगा, दाराला कडी लावलेली नाही."

आई दोन-तीन जुड्या निवडून झाल्यावर म्हणाली, "तू पण इथून जाशील तवा तिला सांगून जात जा. तिचं कोण हाय तिथं?"

तेव्हापासून नियम झाला. गावातून निघायचं तर आधी पाणचक्की. मी म्हातारीपाशी जायचो, बटण दाबायचो, ती तीच ओळ म्हणायची. मागून आई हळूच म्हणायची, "येतो म्हण." मी स्क्रीनला "येतो" म्हणायचो. हसू नका, चोवीस वर्षांचा घोडा, पण म्हणायचो.

आरपीजी खेळणाऱ्यांना पुढचं कळलंच असेल. असली म्हातारी उगीच ठेवलेली नसते. एप्रिलमधल्या एका रविवारी उत्तरेच्या खाणीत, बर्फाच्या भुयारात मला तो मुलगा सापडला. भिंतीला टेकून बसलेला, गोठलेला. त्याच्या बोटात लोखंडी अंगठी होती. ती घेतली तशी गेममधल्या वहीत नवीन काम नोंदलं गेलं - अंगठी त्याच्या आईला नेऊन दे.

"काय घावलं?" आईने मागून विचारलं.

"अंगठी. जादूची आहे."

इतक्या सहज तोंडातून गेलं, की मला वाटलं हे मी आधी कधीतरी बोललोय.

त्या दिवसापासून म्हातारीपाशी गेलो की खाली दोन ओळी यायला लागल्या. पहिली, अंगठी दे. दुसरी, काही बोलू नकोस. मी दुसरी निवडायचो. म्हातारी आपली जुनी ओळ म्हणायची, कडी लावलेली नाही. पक्के गेमर या गोष्टीला पाप मानतात. अर्धवट काम ठेवायचं नाही, बक्षीस सोडायचं नाही. अंगठी देणाऱ्याला तिच्या नवऱ्याची ढाल मिळते आणि ती ढाल नसेल तर शेवटच्या किल्ल्यात फार हाल होतात. माझे झाले. अंगठी टाकूनही देता येत नव्हती, पिशवीतला एक चौकोन अडवून ती बसून राहायची. मी प्रत्येक वेळी पिशवी उघडली की ती दिसायची.

आणि आई बघत होती. तिला त्या ओळी वाचता येत नव्हत्या, पण मोजता येत होत्या.

"हल्ली तिच्या खाली दोन वळी येत्यात," एकदा ती म्हणाली. "आधी एकच यायची."

"असंच असतं."

"आन् तू कायम खालचीच घेतो."

मी काही बोललो नाही. ती शेंगा सोलत राहिली.

पितृपक्षात अण्णांच्या तिथीला गुरुजी आले. तर्पणात एकेक नाव घेत होते, आजोबा, पणजोबा. मग माझ्याकडे बघून विचारलं, "घरातलं आणखी कोणी गेलेलं?" आई आत खीर ढवळत होती. मी म्हटलं, "नाही, इतकेच." हातातलं पाणी ताम्हनात सोडलं. तेव्हाही काही वाटलं नाही, फक्त पाणी कोमट आहे हे लक्षात आलं.

त्यानंतर आठवड्याभराने हे घडलं.

बुधवार होता. ऑक्टोबर हीटचे दिवस, आणि लोडशेडिंग भरात. आमच्या भागात त्या आठवड्यात दुपारी एक ते चार लाईट जायची. मी सकाळच्या पाळीनंतर ओव्हरटाईमला थांबलो होतो, रजिस्टरवर सही आहे. घरी आलो तेव्हा सव्वासहा झाले होते. आईने दार उघडलं. तिचे केस ओले होते, पाठीवर पंचा टाकून तिने ते मोकळे सोडले होते. मी चप्पल काढत म्हटलं, "आज अवेळी डोक्यावरून?" ती म्हणाली, "लय उकडत होतं." मी पुढे विचार केला नाही. उकडत होतंच.

चहा घेऊन मी कॉम्प्युटरचं कव्हर काढलं. ते मी घालून गेलो होतो तसंच होतं, उघड्या बाजूला दुमडलेलं. गेम लावला. या गेममध्ये सेव्ह करायला दहा जागा होत्या. मी पहिल्या सहा वापरायचो, आलटून पालटून. त्या दिवशी सातव्या जागेवर एक सेव्ह होता.

प्रत्येक सेव्हला लहानसं चित्र, ठिकाणाचं नाव, तारीख, वेळ आणि एकूण किती तास खेळलात तो आकडा असतो. सातव्या जागेवर पाणचक्कीचं चित्र होतं. त्याच दिवसाची तारीख. दुपारी दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटं.

मी तो उघडला. माझा माणूस पाणचक्कीपाशी उभा होता. म्हातारी नव्हती. पिशवी उघडली, अंगठीचा चौकोन रिकामा. बाजूला ढाल. वहीत त्या कामावर रेघ मारलेली, पूर्ण. मी म्हातारीच्या घरापर्यंत गेलो. इतके महिने जे दार ढकललं की उघडायचं, त्याला आतून कडी होती.

आता नीट वाचा, कारण शंका काढायच्या त्या इथेच निघतील. आदल्या दिवशी मी शेवटच्या किल्ल्याच्या तोंडाशी सेव्ह करून बंद केलं होतं. तिथून पाणचक्कीला यायला पळत आलं तरी वीस मिनिटं लागतात. मी दोन्ही सेव्हचे आकडे ताडून बघितले. माझ्या सेव्हवर एकसष्ट तास बारा मिनिटं. सातव्या जागेवर - एकसष्ट तास बारा मिनिटं. म्हणजे चालायला वेळ लागलाच नाही.

आणि पावणेतीनला लाईट नव्हती. मी खाली जाऊन झेरॉक्सवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "एकला गेली ती चार वाजून पाचला आली, माझा सगळा दिवस बुडाला." आमचा यूपीएस वर्षभर मेलेला होता, अर्धं मिनिट चिरकून गप्प व्हायचा. कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर होतं. फाईल खराब झाली म्हणावं तर खराब फाईल उघडत नाही. ही उघडत होती, व्यवस्थित.

मी वर आलो. आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती.

"आई, दुपारी कॉम्प्युटर लावला होतास?"

"लाईट कुठं होती?" ती म्हणाली.

"कोणी आलं होतं?"

"दुपारचं कोण येतंय?"

मी दारात उभा होतो. तेव्हा मला ओट्याकडे बघून काहीतरी कमी आहे असं वाटलं, आणि लगेच कळेना. मग कळलं. दह्याचं भांडं जागेवर नव्हतं. घासून, पालथं घालून ठेवलं होतं. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आईने कणकेचा गोळा झाकला, हात धुतले आणि पदराला पुसत माझ्याकडे वळली.

"नित्या," ती म्हणाली, "त्या म्हातारीला कळलं ते बरं झालं. वाट बघणं लय वाईट. मेल्यापेक्षा वाईट."

"तुला कोणी सांगितलं तिला कळलं म्हणून?"

ती "आता तू सांग," म्हणाली.

मी आतल्या खोलीत गेलो, खुर्चीवर चढलो, पुस्तकांच्या मागून घड्याळ काढलं आणि आणून तिच्या हातात दिलं. मग सांगितलं. इंदूर, बाईक, राकेश, कागद, सगळं. आठ महिन्यांनी मला कळलं आणि पुढचे अकरा महिने मी तुला सांगितलं नाही, हेही. बोलताना माझा आवाज स्टोअरमध्ये माल वाचून दाखवताना असतो तसा होता. मी वाट बघत होतो की ती कोसळेल, ओरडेल, मला मारेल तरी.

तिने घड्याळ कानाला लावलं. ते बंद होतं. तिने पदराने त्याची काच पुसली.

"आई... तुला माहीत होतं?"

"आज कळलं."

"कोणी सांगितलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मला वाटतं तिला माझी कीव येत होती.

"तू नाय सांगितलं," ती म्हणाली, "एवढं खरं."

मी तिथेच फरशीवर बसलो. माझ्या डोक्यात काय आलं असेल? रीत. तेवढंच आलं. मी म्हटलं, "आई, मी पाणी तापवतो. तुला अंघोळ करायला लागेल... डोक्यावरून."

तिने ओल्या केसांवरून हात फिरवला.

"माझी दुपारीच झाली," ती म्हणाली. "ऊठ. तुझी राहिली हाय."

बंब तिनेच पेटवला. मी पाटावर बसलो आणि अकरा महिन्यांनी डोक्यावर पहिला तांब्या ओतला. पाणी फार कढत होतं, भाजलं. भाजलं हे मला लगेच कळलं. मग मी रडलो, तांब्या ओतत ओतत, आणि बाहेरून आई म्हणत होती, "घे, अजून घे, पाणी लय हाय."

या गोष्टीला वीस वर्षं होत आली. पुढच्या पितृपक्षापासून दादाचं नाव तर्पणात घेतलं जातं. आई पुढे नऊ वर्षं होती. त्या दुपारबद्दल मी तिला तीनदा विचारलं. दोनदा ती म्हणाली, "झोपले होते." तिसऱ्यांदा म्हणाली, "तुला काय करायचंय?" आणि विषय संपला. कॉम्प्युटर लाईनमधल्या मित्रांना फाईल दाखवली. एक म्हणाला बग असेल, एक म्हणाला तूच केलं असशील आणि विसरला असशील. मी केलं असतं तर वेळ वाढली असती, आणि लाईट? आई तोपर्यंत सीडीवरचं अक्षर बघून ओळखून चुकली असेल, असंही मला सुचवलं गेलं. असेल. मला ते मान्य आहे. पण अक्षर बघून तिला जरी कळलं, तरी म्हातारीला कोणी सांगितलं?

फाईल मी एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेत आलोय. गेम मी पूर्ण केला नाही, किल्ला तसाच राहिला. कधीतरी सातवी जागा उघडतो. ओढा वाहत असतो, चाक फिरत असतं, दाराला कडी असते. बंद करण्याआधी मी त्या दारापर्यंत जातो आणि "येतो" म्हणतो. आत कोणी आहे की नाही, मला माहीत नाही.